बॅटरी गेली म्हणण्याआधी कनेक्टरला हात लावून बघा

खालच्यातलं एकजरी तुमच्याकडं होत असंल तर नव्या बॅटरीचे पैसे खिशातनं काढायच्या आधी जरा थांबा.

फवारणीचा बॅटरी पंप रात्रभर चार्जिंगला लावलाय, सकाळी चार्जरचा लाईट हिरवागार, आणि शेतात दोन टाक्या झाल्या की नोझलमधनं नुसतं थुंकल्यासारखं येतंय.

चार्जरची पिन जरा वाकडी धरली की लाल लाईट, सोडली की हिरवा. मग घरातल्या कोणीतरी हुशारानं पिनीखाली काडेपेटी लावून ठेवलेली असते.

इन्व्हर्टर दोन बल्ब आणि एका पंख्यावर मजेत चालतो, टीव्ही आणि दुसरा पंखा लावला की लो बॅटरी म्हणून बोंबलतो, आणि लोड काढून लगेच बॅटरीवर मीटर लावला तर १२.५ व्होल्ट दाखवतो.

इ-रिक्षा सपाटीला पळते, चढ आला की एकदम बंद, चावी फिरवून परत चालू केली की काही झालंच नाही असं दाखवते.

शेतातल्या झटका मशीनची, म्हणजे कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या डब्याची, टिकटिक मध्यरात्री कधीतरी बंद पडते, सकाळी गव्यांनी भात तुडवलेला दिसतो, आणि मशीनजवळ जाऊन क्लिप हलवली की टिकटिक परत सुरू.

कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी झालंय, जवळ गेलं की मासळीसारखा वास येतोय. किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलीय.

या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, बॅटरी आणि यंत्राच्या मधला जोड, म्हणजे कनेक्टर. मी आधी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पॅनेल वायरिंगला होतो, आता गावातच पंप, इन्व्हर्टर, रिक्षा, झटका मशीन, बॅटरीवरचं जे येईल ते बघतो. निपाणीकडनं तंबाखूवाले येतात, खानापूर-जांबोटीकडनं भातवाले, चिकोडीकडनं ऊसवाले, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "बॅटरी गेली वो". कानडी रिक्षावाले अण्णा आले तर "ब्याटरी होत्री". मी म्हणतो बॅटरी खाली ठेवा आणि आधी ती जोडणारी पिन दाखवा.

एवढं का म्हणतो, ते एका हिशोबात सांगतो. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर ५०० वॅटच्या आसपास लोड असला की बॅटरीतनं साधारण ५० अँपियर ओढला जातो. आता एका जोडात समजा फक्त १० मिलीओहमचा अडथळा आला, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग, साधा मीटर तो नीट दाखवतसुद्धा नाही. पण अँपियर गुणिले अँपियर गुणिले ओहम केलं की ५० × ५० × ०.०१ म्हणजे २५ वॅट. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे तुमच्या बॅटरीच्या नाकावर एक सोल्डरिंग आयर्न लावून ठेवलंय आणि तुम्ही आत बसून सिरीयल बघताय. वर त्या जोडात अर्धा व्होल्ट गेला तो वेगळाच, असे दोन जोड खराब असले की एक व्होल्ट गेला, बॅटरीवर ११.८ असताना इन्व्हर्टरला १०.८ दिसतो आणि तो बोंबलतो, त्याचं काय चुकलं? आणि गरम झालेला जोड गप बसत नाही, गरम झाला की धातूवर काळा थर येतो, स्प्रिंगचा ताण जातो, अडथळा वाढतो, अजून गरम होतो, असं फिरत राहतं आणि एक दिवस प्लास्टिक वितळतं.

आता तपासणी. मी ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं सांगतो, फुकटचं आधी. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पान्यातनं किंवा अंगठीतनं बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपियर जातो आणि अंगठी बोटात असतानाच लाल होते. आणि चार्जर चालू असताना बॅटरीवरची क्लिप ओढून काढायची नाही, आधी चार्जर बंद. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिथं ठिणगी पडली तर बॅटरीचा डब्बा फुटून ॲसिड तोंडावर येतं.

पहिलं, हात आणि नाक

यंत्र पूर्ण लोडवर १५-२० मिनिटं चालू द्या, मग बंद करून लगेच प्रत्येक जोडाच्या प्लास्टिकवर बोटांची मागची बाजू टेकवा. वायर कोमट असंल आणि कनेक्टर चटका देत असंल तर चोर सापडला. वायर लांबपर्यंत सारखीच गरम असंल तर कनेक्टर नव्हे, वायर बारीक आहे. आणि प्लस-मायनसचे दोन्ही जोड एकमेकांशी ताडून बघा. दोघांतनं करंट तेवढाच जातो, मग एकच जास्त गरम का, ह्या प्रश्नाचं उत्तर त्याच जोडात असतं. फ्यूज होल्डरला विसरू नका, तोसुद्धा कनेक्टरच आहे आणि स्वस्तातले होल्डर तर सगळ्यात आधी वितळतात.

दुसरं, चार्जरच्या लाईटचा खोटेपणा

हे बॅटरी पंपवाल्यांनी नीट वाचा. चार्जर भिंतीला लावा आणि पंपाला जोडूच नका. लाईट कुठला आला? हिरवा. म्हणजे हिरव्याचा अर्थ "बॅटरी भरली" असा नाहीच, त्याचा अर्थ "करंट जात नाही" एवढाच. बॅटरी भरली तरी करंट जात नाही आणि पिन टेकली नाही तरी जात नाही, चार्जरला बिचाऱ्याला दोन्ही सारखंच. त्यामुळं दिवसभर फवारणी केलेला पंप लावल्या लावल्या किंवा अर्ध्या तासात हिरवा झाला तर खुश होऊ नका, पिन संशयित आहे. लाल असताना पिन जरा फिरवून, वर-खाली हलवून बघा, लाईट बदलला की झालं, बॅटरी निर्दोष सुटली.

ह्या गोल पिनीची एक गंमत आहे. बाहेरचा व्यास ५.५ मिलीमीटर दोन्हीचा, पण आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. २.५ भोकाची पिन २.१ च्या सॉकेटात आरामात जाते, चार्जिंगही दाखवते, पण आत सैल खेळत असते. चार्जर हरवला म्हणून खडे बाजारातनं दुसरा आणला आणि तेव्हापासून पंप टिकेना, अशा केसमध्ये मी पहिलं हेच बघतो. उलटं होत नाही, २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटात जातच नाही, त्यामुळं ती चूक लगेच कळते, ही कळत नाही.

तिसरं, डोळे आणि खायचा सोडा

कनेक्टर उघडून उजेडात बघा. चकचकीत पाहिजे. काळा, निळसर, किंवा टोकाला सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर तिथं ठिणगी पडलीय. लेड-ॲसिडच्या टर्मिनलवर पांढरं असतं ते शिशाचं सल्फेट, हिरवं-निळं असंल तर तांब्याचं, म्हणजे तुमची थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला भोकाचा तुकडा) किंवा वायर खाल्ली जातेय. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, फेस यायचा थांबेपर्यंत, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणातनं आत जाऊ देऊ नका. मग स्वच्छ पुसा, वाळवा, काचपेपर हलका फिरवा.

काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. का, तर गाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये सगळी बॉडी मायनसला असते, प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला आणि मायनस अजून जोडलेला असला की थेट शॉर्ट.

पंपाच्या बाबतीत वरची बुरशी ॲसिडची नसते, ती औषधाची आणि खताची असते. विद्राव्य खत फवारलं की ते मीठच, टाकी भरताना सांडतं, खाली चार्जिंग सॉकेटात उतरतं, सॉकेटचं रबरी टोपण तर पहिल्या महिन्यातच तुटलेलं असतं. टोपण तुटलं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा, पण उघडं ठेवू नका.

चौथं, पाना

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा बोल्ट हातानं फिरतोय का बघा. मी गेलो तिथं कितीतरी घरात फिरला, बॅटरी बसवणाऱ्यानं घाईत हातानंच आवळलेला. आणि वायसरची जागा बघा, हे फार जण चुकतात: टर्मिनलवर आधी थिंबल, थिंबलच्या वर साधा वायसर, त्याच्यावर स्प्रिंग वायसर, मग नट. वायसर थिंबलच्या खाली घातला तर सगळा करंट त्या लोखंडी चकतीतनं जातो, आणि लोखंडाला तांब्यासारखा करंट वाहायला जमत नाही. घट्ट केल्यावर वरनं व्हॅसलीन. शिसं मऊ असतं, त्यामुळं पिळून पिळून आवळू नका, टर्मिनलच फिरलं तर बॅटरी खरंच गेली.

पंपातल्या छोट्या १२ व्होल्ट ७-८ अँपियरच्या बॅटरीला चपट्या पात्या असतात, त्या दोन मापात येतात, ४.८ आणि ६.३ मिलीमीटर. जुनी बॅटरी ६.३ ची होती, दुकानदारानं ४.८ ची दिली, जुनीच लग (वायरच्या टोकाची, पातीवर सरकवायची टोपी) त्याच्यावर बसवली, सैल. लोक पकडीनं दाबून बसवतात, आठवडाभर चालतं. लग बदला, काही रुपयांची वस्तू आहे.

पाचवं, मीटर

इथं दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर पुरतो, पण वापर उलटा करायचा. लोक बॅटरीवर व्होल्ट बघतात, तुम्ही कनेक्टरवर बघा. मीटर २०० मिलीव्होल्ट डीसीवर ठेवा, लोड चालू करा, एक टोक कनेक्टरच्या अलीकडच्या वायरच्या तांब्याला, दुसरं पलीकडच्या तांब्याला, तोच प्लस किंवा तोच मायनस, दोन्ही टोकं एकाच बाजूच्या लाईनवर. जोड चांगला असंल तर आकडा जवळजवळ शून्य. माझा ढोबळ नियम असा की पूर्ण लोडवर ५० मिलीव्होल्टच्या आत असलं तर त्याच्या वाटेला जात नाही, १०० च्या वर गेलं की उघडून साफ करतो, २०० च्या वर गेलं की साफबिफ काही नाही, कापून नवा. लोड नसताना ही तपासणी करून उपयोग नाही, करंटच नाही तर व्होल्ट पडणार कुठनं, त्याच कारणानं लोड काढून बॅटरी मोजली की १२.५ दिसते आणि माणूस गोंधळतो.

मीटरवरच्या १० अँपियरच्या भोकात पिन घालून बॅटरीला लावू नका. त्या भोकाजवळ बघा, स्वस्तातल्या मीटरवर "अनफ्यूज्ड" छापलेलं असतं, म्हणजे मधे फ्यूजच नाही, बॅटरी सरळ शॉर्ट. अँपियर बघायचाच असंल तर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा), आणि तोही डीसी मोजणारा, नुसता एसीवाला क्लॅम्प बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवत बसतो.

सहावं, वायर

कनेक्टर बदलून परत गरम होत असंल तर वायरकडं बघा. अडीच स्क्वेअर (चौरस मिलीमीटर) तांब्याच्या वायरचा अडथळा एका मीटरला साडेसात मिलीओहमच्या आसपास. बॅटरी यंत्रापासून तीन मीटर लांब असली तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ४५ मिलीओहम, ३० अँपियरला १.३५ व्होल्ट वायरीतच खलास. १२ व्होल्टमधनं १.३५ म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. तीच ताकद ४८ व्होल्टवर घ्यायची तर करंट चौथाई लागतो, म्हणून मोठी यंत्रं ४८ वर असतात.

दुसरी भानगड भेसळीची. वरनं तांबं आतनं ॲल्युमिनियम अशी वायर बाजारात सर्रास आहे. एक धागा घ्या, ब्लेडनं खरवडा. वरनं लाल, आत पांढरा, तर ॲल्युमिनियम. वरनं पांढरा, आत लाल, तर ते कथलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते उलट चांगलं, खानापूरच्या पावसाला तेच पाहिजे.

आता कनेक्टर कुठला घ्यायचा

इथपर्यंत येऊन जुना कापला असंल तर परत तसलाच बसवू नका. लोक दुकानात जाऊन "एक डीसी कनेक्टर द्या" म्हणतात, हे म्हणजे दुकानात जाऊन "एक बोल्ट द्या" म्हणण्यासारखं आहे. करंट किती, रोज काढा-घाला होणार का, हादरे बसणार का, पाणी लागणार का, हे चार प्रश्न आधी.

गोल पिन: दोन-तीन अँपियरपर्यंत ठीक. आत एकच पातळ पाती स्प्रिंगनं टेकते, तिच्यावर किती भरवसा ठेवणार. पाकिटावर काहीही छापलेलं असो, मी राउटर, सीसीटीव्ही, पंपाचं चार्जिंग याच्या पुढं वापरत नाही.

गाडीतलं सिगारेट सॉकेट: मोबाईल चार्जिंगला ठीक. ह्याची टोकाची स्प्रिंगच पिनीला बाहेर ढकलत असते, ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं ते हळूहळू बाहेर येतं. त्याच्यावर हवा भरायचा कॉम्प्रेसर लावायचा तर पाच मिनिटं, आणि हात लावून बघत.

मगर क्लिपा: झटका मशीनवाल्यांची आवडती. करंट कमी म्हणून चालतं, पण क्लिप लोखंडाची, वर नावाला पितळी रंग, कणकुंबीच्या पावसात एका मोसमात गंजून जाते. बॅटरीवर थिंबल लावून बोल्ट आवळा आणि पुढं एक छोटा कनेक्टर द्या, बॅटरी घरी चार्जिंगला न्यायची असंल तर तेवढाच काढायचा.

एक्सटी-३०, एक्सटी-६०, एक्सटी-९०: पिवळे, सायकल-स्कूटरच्या बॅटरीला हेच. नावातला आकडा बघून फसू नका, तो थोड्या वेळाचा जोर आहे. सतत चालायचं तर एक्सटी-६० ला ३० अँपियर, एक्सटी-३० ला १५, एक्सटी-९० ला ४५ धरा, म्हणजे निम्मा. आकार असा आहे की उलटा जातच नाही, आणि प्लस-मायनस प्लास्टिकवर उठवलेलं असतं. भोकाची बाजू कायम बॅटरीकडं, कारण बॅटरी सुटी असतानाही जिवंत असते, उघडी पिन तिच्याकडं असली तर एखादी चावी लागून शॉर्ट. नकली माल भरपूर आहे, खिशात छोटं चुंबक ठेवा, पिनीला घट्ट चिकटलं तर आतनं लोखंड, परत द्या. डाग (सोल्डर) मारताना समोरचा जोडीदार कनेक्टर त्यात अडकवून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते आणि मग कनेक्टर बसतो पण टेकत नाही.

स्कूटर-रिक्षाच्या मोटर कंट्रोलरला बॅटरी जोडताना "टक्" करून ठिणगी पडते ना, ती कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर (चार्ज साठवणारे डबे) एकदम भरतात म्हणून. प्रत्येक टक् पिनीचं टोक थोडं खाते. त्याच्यासाठी एक्सटी-९०-एस मिळतो, त्यात आत एक रेझिस्टर आहे, आधी त्यातनं हळू भरतं मग पूर्ण जोड लागतो. रोज काढा-घाला असंल तर थोडे जास्त पैसे घालून हाच घ्या.

अँडरसन: इ-रिक्षा, फोर्कलिफ्टला असतो तो जाड चौकोनी. माझा सगळ्यात आवडता. नर-मादी असा प्रकारच नाही, दोन्ही तुकडे सारखे, एक उलटा केला की बसतो, त्यामुळं एकच जात घरात ठेवली की कुठंही चालते. घालताना दोन्ही पात्या एकमेकीवर घासून जातात, आपोआप साफ होतात. एसबी-५०, १२०, १७५ असे अँपियरचे आकडे असतात, आणि पूर्ण करंट पाहिजे तर वायरपण तशीच जाड, अडीच स्क्वेअर घालून ५० अँपियर मागू नका. रंगाला अर्थ आहे: पिवळा १२ व्होल्ट, लाल २४, राखाडी ३६, निळा ४८, आणि मूळ कंपनीच्या मालात वेगळे रंग एकमेकात जात नाहीत. आपल्याकडं मात्र सगळीकडं राखाडीच लावलेला दिसतो, १२ ला पण आणि ४८ ला पण, मग एक दिवस १२ चा पंप ४८ च्या बॅटरीत बसतो. निदान टेपनं रंग तरी करा. अँडरसनचेच छोटे पॉवरपोल येतात त्यात १५, ३० आणि ४५ अँपियरच्या पिना एकाच प्लास्टिकच्या घरात बसतात, म्हणून वरनं बघून कळत नाही आत कुठली आहे, पिन वायरच्या जाडीप्रमाणं मागून घ्या.

एमसी-फोर: सोलर पॅनेलचा. तो तिथंच राहू द्या. लोड चालू असताना कधी ओढायचा नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीला शून्यच नाही, ती ताणलेल्या च्युईंगमसारखी लांबत जाते. आधी इन्व्हर्टर किंवा कंट्रोलर बंद, मग हात. दोन कंपन्यांचे एकमेकांत बसतात म्हणून बसवायचे नाहीत, बसतात तेवढं, आतली मापं जुळतीलच असं नाही, आणि छपरावर वर्षभर उन्हात-पावसात राहिल्यावर तो फरक जळून दिसतो. घरातलं एसीचं स्विच आणि एमसीबीसुद्धा डीसीवर भरवशाचं नाही, तेच कारण.

आणि आता ज्याच्यावर मी खरंच चिडतो ते, घरातली तीन पिनांची टॉप, म्हणजे प्लग. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या वायरीला लोक साधी ३-पिन लावतात कारण ती घरात पडलेली असते. एका गणेश मंडळाच्या मांडवात मी बघितलंय, बॅटरीवरच्या लायटिंगला तीच पिन, पोरगा आला, समोर बोर्ड दिसला, घातली पिन २३० व्होल्टात. लायटिंग सगळी एका क्षणात काळी. पोराला काही झालं नाही ही त्या बाप्पाचीच कृपा. दुसऱ्यांदा उलटं बघितलं, स्कूटरच्या बॅटरीच्या वायरीला पिन लावलेली, म्हणजे उघड्या पिनांवर ४८ व्होल्ट. तुमच्या घरात असली पिन असंल तर आजच कापा.

घरातल्या इन्व्हर्टरला तर मी प्लगच सांगत नाही. जे रोज काढायचं नाही तिथं थिंबल आणि बोल्ट, त्याच्यापेक्षा भरवशाचं काही नाही.

वायरीवर थिंबल-पिन दाबायची का डाग मारायचा

दाबायचं, शक्य तिथं दाबायचंच. पण हातोडीनं चेपून नाही. थिंबल षटकोनी दाबणारं टूल वापरा किंवा एखाद्या पॅनेल वायरिंगवाल्याकडं वायर घेऊन जा, दोन मिनिटात दाबून देतो, चहाच्या पैशात. नीट दाबलं की धागे एकमेकात चपटे होऊन हवा शिरायला जागा राहत नाही. हातोडीनं चेपलं की मधे फटी, फटीत दमट हवा, सहा महिन्यांनी हिरवं. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा, हातानं निघालं तर ते निघायलाच पाहिजे होतं.

डाग मारला की कथील धाग्यांतनं वर चढतं, वायर तिथपर्यंत काडीसारखी कडक होते, आणि जिथं कडकपणा संपतो बरोबर तिथं हादऱ्यानं तुटते. एक्सटीसारख्या कपाला डाग लागतोच, मग मागं हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी) चढवा आणि वायर कुठंतरी टायनं बांधून घ्या म्हणजे वजन जोडावर येत नाही. आणि स्क्रूखाली घालायच्या वायरीला कधी कथील लावू नका, कथील मऊ, दाबाखाली सरकत जातं, महिन्याभरात स्क्रू सैल.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात. पुढं कुठंतरी लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारा कोणी नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

लिथियम बॅटरी फुगली असंल, कुशीला हात लावल्यावर गरम लागत असंल, गोडसर-औषधी वास येत असंल, तर कनेक्टर वगैरे विसरा. चार्जर बंद करून, जमलं तर बॅटरी अंगणात मोकळ्या जागी, माणसांपासून आणि गवताच्या गंजीपासून लांब, आणि उघडायची नाही. पॅक उघडून आत बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला) हात घालणं हे व्हिडिओ बघून करायचं काम नव्हे.

६० व्होल्टच्या वर काही असंल तर थांबा. ४८ ची बॅटरी चार्ज होताना ५७ च्या पुढं जाऊ शकते, म्हणजे तीच काठावर आहे. सोलर पंपाच्या पॅनेलच्या लाईनीत तर शेकडो व्होल्ट असतात, आणि ऊन आहे तोपर्यंत ते बंद करायला बटणच नाही. त्याला बसवणाऱ्या कंपनीचाच माणूस पाहिजे.

कनेक्टर बाहेरनं नाही तर इन्व्हर्टरच्या आत बोर्डावर जळला असंल, बॅटरीचं टर्मिनलच मुळातनं हलत असंल किंवा तिथनं ॲसिड झिरपत असंल, इ-स्कूटर वॉरंटीत असंल, तर हात लावू नका. आणि योग्य मापाचा कनेक्टर, नीट दाबलेला, चांगली वायर, हे सगळं करूनही महिन्याभरात परत तोच जोड तापला, तर दोष पुढं आहे, मोटर जाम होत असंल, कंट्रोलर जास्त ओढत असंल, ते क्लॅम्प मीटरवाल्यालाच कळणार.

त्याला बोलवाल तेव्हा "बॅटरी गेली" एवढंच सांगू नका. किती लोडवर, किती मिनिटांनी, कुठला जोड, प्लस का मायनस, मीटरवर किती मिलीव्होल्ट, हे कागदावर लिहून ठेवा. आणि जळका कनेक्टर उकिरड्यावर फेकू नका, पिशवीत घालून त्याला दाखवा, पिन टोकाला जळलीय का मुळाला वायरीकडं जळलीय यावरनं तो दारातच अर्धं निदान करतो: टोकाला असंल तर जोड सैल, मुळाला असंल तर दाबणाऱ्यानं नीट दाबलेलं नाही.